हातात देऊ नका

डॉक्टर वाल्मीक देवरे ऑपरेशनला उभे राहिले की पेशंटपेक्षा सिस्टरला जास्त धास्ती वाटायची. पेशंट बिचारा निदान भूल घेऊन झोपलेला असे. सिस्टर टक्क जागी, आणि तिच्या दहाही बोटांना सगळं कळत असे.

आता डॉक्टर वाईट होते का? मुळीच नाही. सटाण्याच्या कांदा व्यापाऱ्याचा हा मुलगा. हात असा चालायचा की आपण कधी बाहेर आलो ते अपेंडिक्सलाही कळू नये. नव्व्याण्णव साल होतं. पंचवटीत त्यांचा छोटासा दवाखाना होता आणि पार पेठ-सुरगाण्यापासून लोक आपापली पोटं घेऊन त्यांच्याकडे येत. खोड एकच. एकदा पोटात घातलेली नजर ते बाहेर काढत नसत. काम झालं की हातातली सुरी, सुई, जे काय असेल ते, न बघता बाजूला धरायचं आणि म्हणायचं, "घ्या." घेणाऱ्याचा हात कुठे आहे, टोक कुणीकडे आहे, ही चौकशी त्यांनी उभ्या जन्मात केली नाही. घेणाऱ्यानं आपलं बघून घ्यावं. आणि ते बघून घेणारी होती छायासिस्टर.

छाया त्यांच्या थिएटरची सिस्टर. माहेर-सासर दोन्ही माळ्यांचं. मखमलाबादच्या अंगाला सासरची गुलाबाची शेती, नवरा कुंदन पहाटे फुलं तोडून पंचवटीच्या बाजारात आणून विकायचा. घरात कुणाला नर्सिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण छायाला थिएटरचं वेड होतं. सर पोटात हात घालायच्या आत पुढचं हत्यार तिच्या हातात तयार असायचं. ती हिरवा गाऊन चढवून, ग्लोव्हज घालून, हात छातीशी धरून उभी राहिली की घरचं, दारचं, सासूचं, भाजीचं सगळं डोक्यातून जायचं. तिला या जगात दुसरं कुठलंही काम दिलं असतं तरी तिनं ते रडतखडतच केलं असतं.

आणि याच कामावर पाणी सोडायची वेळ तिच्यावर आली होती, एका सुईपायी.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी एका माणसाचं हर्नियाचं ऑपरेशन चाललं होतं. शेवटचा टाका घालून सरांनी सुईसकट पकड बाजूला धरली. "घ्या." छायानं घेतली. सुई तिच्या ग्लोव्हमधून करंगळीच्या शेजारच्या बोटात गेली, चांगली हातभर खोल गेल्यासारखी कळ आली. सर म्हणाले, "अहो, एवढ्याशा सुईचं काय घेऊन बसलात? बोट धुवा आणि या." ती धुऊन आली. विषय संपला.

तो संपला नाही. घरी सोडताना त्या पेशंटच्या बायकोनं छायाला बाजूला घेतलं आणि खाली मान घालून सांगितलं की, यांची मुंबईला तपासणी झाली होती आणि यांना तो आजार आहे. त्या काळात तो आजार म्हणजे कुठला हे सांगावं लागत नसे. नाव घ्यायलाही लोक घाबरायचे, भिंतीवरच्या सरकारी जाहिरातीसमोरून जाताना मान वळवायचे. छायानं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट चांगला आला, पण लॅबवाला म्हणाला, आत्ताचा रिपोर्ट धरायचा नाही, सहा महिन्यांनी पुन्हा करा, मग खरं काय ते कळेल.

सहा महिने. म्हणायला सोपं आहे. छायानं आपलं ताट वेगळं केलं, टॉवेल वेगळा केला, चार वर्षांच्या निकिताचा पापा घेणं बंद केलं. यातल्या कशाचीच गरज नव्हती, नर्स म्हणून तिला ते पक्कं ठाऊक होतं. पण ज्याला भीती वाटते त्याच्यापुढे त्याचं स्वतःचं ज्ञानही गप्प बसतं. निकिता विचारायची, आई, तू माझ्याशी कट्टी का केली? छाया मोरीत जाऊन रडायची. कुंदन रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचा, आणि ती झोप खरी नसायची. सहा महिन्यांनी रिपोर्ट आला. काही नव्हतं. त्या दिवशी कुंदननं फुलांची अख्खी पाटी गोदावरीत सोडली आणि घरी येऊन तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"छाया, मला रोज गुलाबाचे काटे टोचतात," तो म्हणाला. "काटा टोचला तर काढतो, थुंकी लावतो, कामाला लागतो. तुझ्याकडं काय टोचलं ते सहा महिन्यांनी कळतं. मला पुन्हा असे सहा महिने काढायचे नाहीत. तू काम कर, मी अडवत नाही. पण अजून एकदा टोचलं ना, की दुसऱ्या दिवसापासून तू माझ्याबरोबर गुलाबात. आत्ता हो म्हण."

ती हो म्हणाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी कुंदन तिला न्यायला दवाखान्याच्या फाटकाशी लूना घेऊन उभा राहायचा. ती आली की आधी तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघायचा, मग किक मारायचा. फाटकावरचा पुंजामामा, म्हणजे दवाखान्याचा वॉर्डबॉय, याला वाटायचं काय हे प्रेम. म्हणायचा, आमची मंडळी आमच्या हातावरची बांगडी मोडली की नाही तेवढंच बघते. पुंजामामाच्या बोलण्याला कधीच बूड नसायचं, आणि ते कुणी मागायचंही नाही.

छायानं आपल्या परीनं सगळं केलं. दोन-दोन ग्लोव्हज घातले. तेलाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन धुऊन, त्याला वरून भोक पाडून, वापरलेल्या सुया त्यात टाकायची शिस्त लावली. पूर्वी त्या कचऱ्याच्या बादलीत जायच्या आणि झाडणाऱ्या कलाबाईच्या तळहातात निघायच्या. इंजेक्शन दिल्यावर सुईला पुन्हा टोपण लावायचं, ही सवयही तिनं सगळ्या मुलींची मोडून काढली, कारण निम्म्या सुया टोपणं लावतानाच टोचतात. हे सगळं सरांना न विचारता करण्याजोगं होतं, म्हणून झालं. अडलं ते सरांच्या हाताशी.

मग नाशिक रोडला एक शिबिर झालं. एका सभागृहात मुंबईहून कुणी बाई आल्या होत्या, पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. दुपारी पुरी-भाजी होती, तिच्यासाठीच निम्म्या सिस्टर आल्या होत्या, त्यात काही पाप नाही. पण छायानं पुरी थंड होऊ दिली. बाई म्हणाल्या, धारदार वस्तू हातातून हातात द्यायचीच नाही. मध्ये एक ट्रे ठेवायचा. डॉक्टरांनी सुरी ट्रेमध्ये ठेवायची, सिस्टरनं ट्रेमधून उचलायची. सिस्टरनं ठेवायची, डॉक्टरांनी उचलायची. एका वेळी एकच हात. बस्स. छायाला वाटलं, अरे देवा, इतकं सोपं? आणि आपण दोन वर्षं देवाला नारळ फोडतोय.

दुसऱ्या दिवशी ती सरांसमोर उभी राहिली. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"सिस्टर, मी काय वेटर आहे? ट्रेमध्ये ठेवा, ट्रेमधून उचला. मग टिपही ठेवता का?"

"सर, टोचायचं थांबेल."

"अहो, ट्रे बघायला मला मान वर करावी लागेल. माझी नजर पोटात असते, सिस्टर. ती तिथंच असावी असं पेशंटलाही वाटतं."

सरांचं हे खरंच होतं. चुकीचं बोलले असते तर खोडता आलं असतं. छायानं शिबिरात मिळालेलं ट्रेचं चित्र थिएटरच्या भिंतीवर एका खिळ्याला लावलं. सरांनी दुसऱ्याच दिवशी त्याच खिळ्याला आपला ॲप्रन अडकवला.

आता मॅडमबद्दल सांगायला हवं. डॉक्टर मंजुषा देवरे, सरांच्या पत्नी, आणि थिएटरमध्ये भूल देणाऱ्याही त्याच. घर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. त्यामुळे सकाळी नाश्त्याला सुरू झालेलं भांडण जिना उतरून खाली थिएटरमध्ये यायचं. टेबलावर पेशंट आडवा. मध्ये हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे पोट आणि सर, पलीकडे डोकं आणि मॅडम, आणि पडद्याच्या वरून भांडण. विषय कुठलाही चालायचा. गच्चीवरची टाकी का वाहिली, सासूबाईंना रिक्षानं का पाठवलं, आमटीत गूळ का घातला. एकदा नोटांच्या छापखान्यातला एक माणूस हर्नियाला आला होता. त्याला कमरेतून भूल दिली होती, म्हणजे खालचं बधिर आणि वरचा माणूस जागा. अर्धा तास तो पडद्यावरून येणारं ऐकत राहिला. शेवटी हात जोडून म्हणाला, "मॅडम, साहेबांचं चुकलंच, मी कबूल करतो. पण आधी माझं शिवून घेऊ द्या."

हसायला ठीक आहे. छायाला हसू येत नसे. कारण सर एरवी "घ्या" म्हणून हात बाजूला धरायचे, भांडताना मात्र झटकायचे. मॅडमना उत्तर देण्याच्या भरात सुरी अशी यायची की छाया डोळ्यांत तेल घालून उभी राहायची. भांडणाच्या दिवशी घरी जाताना तिचे खांदे भरून आलेले असायचे. आणि भांडणाचा दिवस म्हणजे सोमवार ते शनिवार.

एका रविवारी छाया घरी सासूला स्वयंपाकात मदत करत होती. सासू भागुबाई, जन्म बाजारात भाजी विकण्यात गेलेला, तोंड फाटकं आणि मन मोकळं. मिरच्या निवडून झाल्या, तसा छायानं मुठीतला मिरच्यांचा वाटा सासूच्या हातात द्यायला हात पुढे केला.

भागुबाईनं हात मागे घेतला. "हातात नको दिऊ. खाली ठेव, मी घेते. मिरची अन् सुरी हातातून हातात दिली की भांडण व्हतं. येवढं शिकली अन् येवढं ठाव नाय व्हय तुला?"

छायानं मिरच्या ताटात ठेवल्या. भागुबाईनं ताटातून उचलल्या. एका वेळी एकच हात.

छाया त्या ताटाकडे बघू लागली. मुंबईच्या बाई, पडद्यावरची चित्रं, पुरी-भाजी, सगळं त्या ताटात पडलेलं होतं. सासूला यातलं काही ठाऊक नव्हतं, सासू निव्वळ खुळचट समजुतीतून बोलली होती. लहानपणापासून छायानं हे शंभरदा ऐकलं होतं, आणि नर्सिंगला गेल्यावर हसून सोडून दिलं होतं. पण सरांना पुरावे देऊन झाले, चित्र देऊन झालं. सरांना सुई टोचण्याची भीती नव्हतीच, कारण ती त्यांना टोचत नसे. भांडण मात्र त्यांना टोचत होतं.

आता नर्सबाईनं असलं काही पसरवावं का? पसरवू नये. छायाच्या मनाला ते लागलंच. रात्रभर तिनं विचार केला की आपण शिकलेल्या, आपण असं बोललो तर मुंबईच्या त्या बाई काय म्हणतील. पण त्या बाईंना कुंदनला उत्तर द्यायचं नव्हतं. सकाळी ती उठली ती ठरवूनच.

सरांची आई सिंधुबाई. सटाण्याहून येऊन मुलाकडे राहिलेली, दिवसभर थिएटरच्या दाराबाहेरच्या बाकावर बसायची आणि आलेल्या पेशंटला गाव कुठलं ते विचारायची. बोलणं अस्सल अहिराणी. सून-मुलाच्या भांडणानं जिवाला घोर. दुपारच्या चहाला छाया तिच्याशेजारी टेकली.

"आज बी भांडनात का दोन्ही?" सिंधुबाईनं विचारलं.

"भांडले ना, आजी. कसं थांबणार? सर सुरी हातातून हातात देतात."

सिंधुबाईची बशी तोंडाशी गेलेली खाली आली. "हातमा?"

"हातात. दिवसभर."

"सूनबाईना समोर?"

"अगदी समोर."

बस्स, एवढंच. एक शब्द खोटा बोलली नाही छाया. सर खरोखरच हातात द्यायचे आणि भांडण खरोखरच व्हायचं. कशामुळे काय होतं हे तिनं सांगितलं नाही, ते आजीनं आपलं आपण जुळवलं.

सर ओपीडीतून बाहेर आले तेव्हा व्हरांडा पेशंटनी भरलेला होता. सिंधुबाई उठून उभी राहिली. "वाल्मीक, तू सुरी हातमा देस? येडा शे का तू? म्हणून घरमा भांडण व्हस."

डॉक्टर आईशी एकांतात अहिराणी बोलत, पण पेशंटसमोर त्यांची मराठी पुण्याची व्हायची. "आई, ते ऑपरेशन थिएटर आहे, आपली चूल नाही."

"सुरी ती सुरीच शे."

बाकांवरच्या सगळ्या बाया माना हलवू लागल्या. एक म्हणाली, खरंय बाई, आमच्याकडं मीठसुद्धा नाही देत. दुसरी म्हणाली, माझ्या नणंदेचं घर असंच मोडलं. पुंजामामानंही कुणा मेव्हण्याचं उदाहरण दिलं, त्याला बूड नव्हतं. डॉक्टरांनी एवढ्या पदव्या दारावर लावल्या होत्या, पण व्हरांड्यात ते एकटे पडले. ते आत आले आणि छायाला म्हणाले, "सिस्टर, तो तुमचा ट्रे आणा. आजच्या दिवस. आईची समजूत घालायची म्हणून."

छायानं पेशंटच्या पायांवरच्या हिरव्या चादरीवर किडनीच्या आकाराचा ट्रे ठेवला. सरांनी चीर दिली, नजर वर केली, सुरी ट्रेमध्ये ठेवली. छायानं उचलली. पडद्यापलीकडून मॅडमनी ते पाहिलं. थोर सर्जन देवरे आईच्या धाकानं सुरी खाली ठेवताहेत, हे बघून मॅडमना मास्कच्या आत जे हसू फुटलं ते ऑपरेशन संपेपर्यंत थांबेना. आणि हसणाऱ्या माणसाला भांडता कसं येणार? त्या दिवशी थिएटरमध्ये भांडण झालं नाही. संध्याकाळी जेवतानाही झालं नाही म्हणे. सरांनी मीठ खाली ठेवलं आणि मॅडमना पुन्हा हसू आलं.

झालं. सर्जन गळाला लागले.

मग काय विचारता. सर सुरी तर सोडाच, कात्री, सुई, पकड, पुढे पुढे पेनसुद्धा कुणाच्या हातात देईनात. औषध कंपनीचा माणूस माहितीपत्रक पुढे करायचा तर सर म्हणायचे, खाली ठेवा. त्याला वाटलं नाशकात नवीन काही स्वच्छतेचा नियम निघाला, तो पुढच्या चार दवाखान्यांत सांगत गेला. दुसरे डॉक्टर बघायला आले तर सर गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, स्टाफच्या सुरक्षेसाठी मी ही पद्धत सुरू केली आहे. भिंतीवरचा ॲप्रन त्यांनी स्वतः काढला. चित्र दिसू लागलं. डॉक्टरांच्या सभेत या विषयावर बोलूनही आले, टाळ्या घेतल्या, पेढे वाटले. छायाचं नाव त्यात कुठेच नव्हतं, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. घ्या म्हणावं सगळं श्रेय, सुरी तेवढी ट्रेमध्ये ठेवा.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. छायाला एकदाही टोचलं नाही. फाटकाशी कुंदन हात बघायचा तो आता सवयीनं. निकिता दुसरीत गेली. छायाचे खांदे भरून येईनासे झाले. मनात मात्र एक भीती बारीक आवाजात बोलत राहायची, की हे सगळं एका समजुतीवर उभं आहे, आणि ज्या दिवशी ट्रे असूनही भांडण होईल त्या दिवशी काय?

तो दिवस कांद्यामुळे आला. सरांचा सटाण्याचा चुलतभाऊ लग्नासाठी गाडी घेऊन गेला होता. गाडी मॅडमची, नवी. परत आली ती मागच्या सीटवर कांद्याची गोणी घेऊन आली, भेट म्हणून. चुलतभावाच्या मनात प्रेमच होतं. पण गोणी दोन दिवस उन्हात गाडीतच राहिली, तळचे कांदे सडले, आणि मॅडमनी भाचीच्या साखरपुड्याला निघताना गाडीचं दार उघडलं. पुढचं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडण जिना उतरून आलं ते पूर्वीच्या सगळ्या भांडणांची कसर भरून काढत. टेबलावर एक कॉलेजचा मुलगा, अपेंडिक्स, पूर्ण भूल, नशीब त्याचं. मॅडम पडद्यावरून म्हणाल्या की तुमच्या घराण्याला गाडी आणि ट्रॅक्टरची ट्रॉली यातला फरक कळत नाही. सर म्हणाले, त्याच कांद्यावर हे हॉस्पिटल उभं राहिलंय. मॅडम म्हणाल्या, म्हणूनच इथे रोज डोळ्यांत पाणी. सरांनी पोटाच्या पहिल्या थरातून सुरी फिरवली, आणि त्यांचा कोपर ट्रेला लागला. लागला की त्यांनी लावला, ते त्यांनाच माहीत. ट्रे चादरीवरून घसरत पार पेशंटच्या पावलांशी गेला.

"आणि हा ट्रे," सर म्हणाले, "सगळं थोतांड. बघा, ट्रे आहे आणि भांडण चालूच आहे. घ्या सिस्टर."

त्यांची नजर पोटात. हात बाजूला धरलेला. दोन बोटांत सुरी, पातं छायाकडे.

छायाचे हात छातीशी होते. वर्षानुवर्षं तिनं असंच घेतलं होतं. आत्ताही घेता आलं असतं, जरा जपून, पात्याच्या बाजूनं बोट चुकवून. ते एकदा घेतलं की उद्याही घ्यावं लागेल, परवाही, आणि एक दिवस बोट चुकणार नाही. मग पुन्हा वेगळं ताट. निकिताशी कट्टी. आणि कुंदनला दिलेला शब्द, तो तर तिनं पाळलाच असता, या थिएटरकडे पुन्हा फिरकली नसती. सासूची समजूत आता कामाला येणार नव्हती. मुंबईच्या बाई फार लांब होत्या. ती एकटी होती आणि समोर सुरी होती.

तिनं हात पुढे केला नाही.

"सिस्टर, घ्या."

"खाली ठेवा, सर."

"अहो, घ्या म्हणतो ना."

"हातात देऊ नका. भांडण होईल."

सरांनी वैतागून श्वास सोडला. "ते होऊन गेलंय. सगळ्या नाशकानं ऐकलं. आता कुणाशी व्हायचं राहिलंय?"

"माझ्याशी," छाया म्हणाली.

आवाज चढवला नाही तिनं. गरजच पडली नाही. पडद्यापलीकडे मॅडमच्या हातातली भुलीची पिशवी तेवढी फुगत आणि बसत होती. दाराशी पुंजामामा मान लांब करून बघत होता.

सरांनी नजर पोटातून बाहेर काढली. ती ट्रेकडे गेली नाही, छायाकडे आली. मास्कच्या वर तिचे डोळे होते, ते खाली गेले नाहीत. मग त्यांचं लक्ष आपल्याच हाताकडे गेलं, पात्याकडे, पात्याच्या समोर वीतभर अंतरावर असलेल्या तिच्या बोटांकडे. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. नजर पोटात असायची ना.

छायानं पावलांशी गेलेला ट्रे ओढून जागेवर आणला.

सरांनी सुरी त्यात ठेवली. हळूच ठेवली, मूठ तिच्या बाजूला करून.

"बघा," मॅडम पडद्यावरून म्हणाल्या, "हिचं ऐकता."

"तिच्या हातात सगळी हत्यारं आहेत," सर म्हणाले. "सिस्टर, पकड द्या. म्हणजे, ठेवा."

छायानं पकड ट्रेमध्ये ठेवली. त्यांनी उचलली. अपेंडिक्स निघालं, टाके पडले, मुलगा वॉर्डात गेला. कांद्यावरून पुन्हा कुणी काही बोललं नाही, निदान खाली तरी.

ग्लोव्हज काढून, हात धुऊन छाया बाहेर आली. ती सिंधुबाईच्या शेजारी बाकावर बसली. म्हातारीनं दाराला कान लावून बरंच ऐकलं होतं, पण छायाच्या "माझ्याशी"च्या पुढचं तिला ऐकू आलं नव्हतं. तिनं छायाचा ओला हात आपल्या हातात घेतला.

"भांडण व्हयनं का, बेटा?"

"नाही, आजी," छाया म्हणाली. "थोडक्यात राहिलं."